डॉलर जागचे हलत नाहीत, तरी पैसे पोचतात कसे?

२०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटलं आणि रशियाच्या काही बँकांना ‘स्विफ्ट’ या बँकांच्या जागतिक जाळ्यातून बाहेर काढलं गेलं. तेव्हापासून स्विफ्ट, डॉलरची सत्ता, ‘आपापल्या चलनात व्यापार’ हे शब्द रोजच्या बोलण्यात आले. बहुतेकांच्या डोक्यात मात्र एकच चित्र बसलं: पैशांची एक मोठी नळवाहिनी आहे आणि तिची तोटी कुणाच्या तरी हातात आहे. हे चित्र चुकीचं आहे आणि त्याने नुकसान होतं. ते मनात धरून परदेशी सौद्यात उतरलेला माणूस भलत्याच गोष्टीची काळजी करत बसतो आणि जिथे खरोखर पैसे बुडतात तिकडे त्याचं लक्षच जात नाही.

स्विफ्टमधून एक पैसाही वाहत नाही. तिथून जातात ते फक्त निरोप.

मग पैसे पोचतात कसे?

स्विफ्ट ही बेल्जियममधली, बँकांच्याच मालकीची सहकारी संस्था. १९७३ साली ती स्थापन झाली आणि १९७७ पासून तिचं जाळं कामाला लागलं. त्याआधी बँका हेच निरोप टेलेक्सने पाठवायच्या. आज दोनशेहून जास्त देशांतल्या अकरा हजारांहून अधिक संस्था या जाळ्यावर आहेत.

पैशांचं खरं काम होतं वह्यांमध्ये. तुमच्या बँकेने परदेशातल्या एखाद्या बँकेत, तिथल्या चलनात, स्वतःचं एक खातं उघडलेलं असतं. त्याला ‘नॉस्ट्रो’ म्हणतात. शब्द इटालियन आहे, अर्थ ‘आमचं’. तुम्ही परदेशी विक्रेत्याला पैसे पाठवायला सांगता, तेव्हा तुमची बँक तुमच्या खात्यातून इथल्या चलनात रक्कम वळती करते आणि तिकडच्या बँकेला निरोप धाडते: आमच्या खात्यातून इतके काढा आणि अमक्याच्या खात्यात घाला. तिकडची बँक दोन नोंदी करते. झालं. नोटा हलल्या नाहीत, डॉलर देशाबाहेर गेले नाहीत. डॉलर हे शेवटी अमेरिकी बँकांच्या वहीतले आकडे असतात आणि ते त्याच वहीत या ओळीतून त्या ओळीत जातात.

अमेरिकेच्या निर्बंधांना इतकी धार का, याचंही उत्तर इथेच आहे. दोन परक्या देशांनी डॉलरमध्ये सौदा केला तरी त्याची शेवटची नोंद बहुतेक वेळा अमेरिकी बँकेच्या वहीत होते आणि ती वही अमेरिकी कायद्याखाली येते. निरोपाची वाट बंद होणं वाईटच, पण वहीतलं खातं गोठणं त्याहून कितीतरी वाईट.

दोन बँकांची एकमेकींकडे खाती नसतील तर मधे तिसरी येते, कधी चौथीही. प्रत्येक जण आपलं शुल्क कापतो. म्हणून १०,००० डॉलरचं बिल केलेल्या माणसाच्या खात्यात ९,९६० येतात आणि तो खरेदीदारावर चिडतो. बिचाऱ्या खरेदीदाराने पूर्ण रक्कम पाठवलेली असते. शुल्क पाठवणाऱ्याने भरायचं, घेणाऱ्याने की दोघांनी वाटून, यासाठी त्या निरोपात वेगळा रकाना असतो. सौदा ठरवताना एका वाक्यात हे बोलून घेतलं की नंतरची कटुता टळते.

वहीतल्या दोन नोंदींच्या मधे काही बिनसलं तर?

बिनसलं होतं. २६ जून १९७४ रोजी जर्मन नियामकांनी कोलोन शहरातली हेरस्टॅट बँक बंद केली. त्या दिवशी अनेक बँकांनी जर्मनीत तिला मार्क, म्हणजे जर्मनीचं तेव्हाचं चलन, देऊन टाकले होते आणि बदल्यात न्यूयॉर्कमध्ये डॉलर मिळायचे होते. जर्मनीतला कामाचा दिवस संपला होता, न्यूयॉर्कमध्ये अजून सकाळ होती. मार्क गेले होते आणि डॉलर आलेच नाहीत. चलनाच्या व्यवहारात एक हात देऊन बसतो आणि दुसऱ्या हातात काही पडत नाही, या धोक्याला आजही बँकवाले ‘हेरस्टॅट रिस्क’ म्हणतात. या धक्क्यातूनच बँकांच्या देखरेखीची बासेल समिती उभी राहिली. पुढे २००२ साली सीएलएस ही व्यवस्था सुरू झाली. दोन्ही बाजू पुऱ्या होत असतील तरच ती व्यवहार पार पाडते, नाहीतर कुठलीच बाजू पुरी होत नाही.

बँकांनी आपापसातला प्रश्न असा सोडवला. पण माल विकणारा आणि घेणारा यांच्यातही हाच प्रश्न असतो. त्याकडे येण्याआधी दराचं बघू.

बातमीत दिसतो तो दर मला का मिळत नाही?

बातमीतला दर हा मोठ्या बँकांचा आपापसातला घाऊक दर असतो. बँक तुमच्याकडून चलन घेताना त्याहून थोडा कमी दर देते आणि तुम्हाला विकताना थोडा जास्त लावते. या फरकाला ‘स्प्रेड’ म्हणतात. एक युरो घाऊक बाजारात १.१० डॉलरला असेल, तर एखादी बँक तो १.०८ ला विकत घेईल आणि १.१२ ला विकेल. एक लाख युरो मिळाले तर घाऊक दराच्या तुलनेत २,००० डॉलर सहज निघून गेले, आणि पावतीवर ‘शुल्क शून्य’ असंही लिहिलेलं असू शकतं. ‘शून्य कमिशन’ वाचलं की दर बघायचा, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत आलो आहे. बँकेशी दरावर घासाघीस करता येते. मोठ्या रकमेला तर करायलाच हवी, पण किती तरी लोक विचारतही नाहीत.

हा बाजार अवाढव्य आहे. बासेलच्या आंतरराष्ट्रीय समायोजन बँकेच्या त्रैवार्षिक पाहणीनुसार एप्रिल २०२२ मध्ये त्यात रोज सरासरी ७.५ लाख कोटी डॉलरची उलाढाल होत होती, आणि त्यातल्या ८८ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. दोन लहान चलनं एकमेकांत बदलायची असली तरी बँक बहुधा आधी डॉलर घेते आणि मग दुसरं चलन. तुमच्या एका व्यवहारात दोन स्प्रेड दडलेले असतात ते असे.

सौदा आज, पैसे तीन महिन्यांनी. मधे दर बदलला तर?

व्यापारात पैसे लगेच मिळत नाहीत. माल बनवायला महिना, समुद्रातून जायला महिना, वर खरेदीदाराने मागितलेली मुदत. एवढ्या काळात नफ्याएवढा दर सरकणं मुळीच अवघड नाही.

स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून एक पण केला होता: एक युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही. सगळे त्यावर विसंबले. १५ जानेवारी २०१५ ला तिने तो पण अचानक सोडला आणि युरो काही मिनिटांत एका फ्रँकच्याही खाली कोसळला. एक लाख युरोचं बिल करून बसलेल्या स्विस विक्रेत्याचा हिशेब बघा. त्याने १,२०,००० फ्रँक धरले होते. युरो फ्रँकच्या बरोबरीला आला की हातात एक लाख. माल चांगला गेला, खरेदीदाराने शब्द पाळला, कुणाचीच चूक नाही, आणि विक्रेत्याचा नफा दहा-पंधरा टक्के असेल तर तो सगळा जाऊन वर पदरचे पैसे पडले.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे फॉरवर्ड करार. तीन महिन्यांनी इतके युरो अमुक दराने देईन, असं बँकेशी आजच ठरवून टाकायचं. हा दर म्हणजे बँकेचं भाकीत असतं, हा एक घट्ट बसलेला गैरसमज आहे. तो निव्वळ व्याजाचा हिशेब असतो. आज युरो १.१० डॉलर आहे, डॉलरवर वर्षाला ५ टक्के आणि युरोवर ३ टक्के व्याज मिळतं असं धरा. तर वर्षभराचा फॉरवर्ड दर १.१० गुणिले १.०५ भागिले १.०३, म्हणजे सुमारे १.१२ येतो. असा नसता तर कमी व्याजाच्या चलनात कर्ज काढून जास्त व्याजाच्या चलनात ठेवायचं आणि परतीचा दर आजच बांधून घ्यायचा, एवढ्यावर कुणीही बिनधोक पैसे कमावले असते.

‘पण दर आपल्याच बाजूने गेला तर करार करून तोटा झाला की!’ हा आक्षेप हमखास येतो. नीट बघितलं तर तोटा झालेला नसतो, संधी हुकलेली असते. माल विकायचा की चलनावर पैज लावायची, हे आधी ठरवलेलं बरं. ज्याला हुकलेल्या संधीचीही रुखरुख लागते त्याच्यासाठी ऑप्शन असतो: दर आवडला तर वापरा, नाहीतर सोडून द्या. त्याची किंमत मात्र आधी मोजावी लागते. आणि एक खबरदारी. फॉरवर्ड केला आणि सौदाच रद्द झाला, तरी बँकेला दिलेला शब्द उरतोच. न आलेले युरो बाजारातून आणून द्यावे लागतात किंवा फरक भरावा लागतो.

आपल्याच चलनात बिल केलं तर? तर धोका नाहीसा होत नाही, समोरच्याच्या खांद्यावर जातो, आणि तो त्याची भरपाई भावातून मागतो. कुठलीही पद्धत घ्या, हेच दिसेल. काळजी या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. आपण कोणती घेतली आणि तिच्याबद्दल काय मिळालं, एवढंच विचारायचं असतं.

माल आधी की पैसे आधी?

हा या धंद्यातला सर्वांत जुना प्रश्न. अनोळखी दोघं नदीच्या दोन काठांवर उभे आहेत, एकाकडे माल, दुसऱ्याकडे पैसे. आधी कुणी टाकायचं?

आगाऊ पैसे घेतले तर सगळी काळजी खरेदीदाराची. उधारीवर माल दिला, ज्याला ‘ओपन अकाउंट’ म्हणतात, तर सगळी विक्रेत्याची. जगातला बराच मोठा व्यापार उधारीवरच चालतो, कारण तो जुन्या ओळखीच्या लोकांमध्ये चालतो. नव्या ओळखीत ही दोन्ही टोकं अवघड जातात, म्हणून बँक मधे घ्यावी लागते.

त्यासाठी एक कागद समजून घ्यायला हवा: बिल ऑफ लेडिंग. जहाज कंपनी माल चढवून घेतल्यावर तो देते. तो मालाची पावती असतो, वाहतुकीच्या कराराचा पुरावा असतो, आणि मुख्य म्हणजे मालावरच्या हक्काचा दस्त असतो. मूळ प्रत दाखवेल त्याला बंदरात माल मिळतो. पेट्या समुद्रात असताना हा कागद पाठीमागे सही करून दुसऱ्याच्या हाती दिला, तर मालाचा हक्कही त्याच्या हाती जातो. मालाची किल्लीच म्हणा ना.

मग बँकेला सांगता येतं, ‘ही किल्ली तुझ्याजवळ ठेव, पैसे मिळाले की दे.’ याला कलेक्शन म्हणतात. पैसे मोजल्यावर कागद सोडायचे असतील तर डीपी. अमुक दिवसांनी पैसे देईन अशी हुंडीवर सही घेऊन कागद सोडायचे असतील तर डीए. डीएमध्ये माल गेलेला असतो आणि विक्रेत्याच्या हाती फक्त एक सही उरते. कलेक्शनमध्ये बँक कसलीही हमी देत नाही, ती फक्त मधला माणूस असते. खरेदीदाराने कागद सोडवलेच नाहीत तर परक्या बंदरात पडलेल्या मालाचं भाडं चढत राहतं. विमानाने जाणाऱ्या मालाला तर ही किल्लीच नसते. एअर वेबिल हा हक्काचा दस्त नाही. त्यावर ज्याचं नाव, त्याला माल मिळतो. विमानाने माल पाठवून डीपीच्या भरवशावर राहणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. बँकेची संमती घेऊन माल तिच्या नावे पाठवणं हा त्यावरचा एक मार्ग.

एलसी असली की पैसे पक्के ना?

लेटर ऑफ क्रेडिट, बोलीभाषेत एलसी. यात खरेदीदाराची बँक स्वतःच्या नावाने शब्द देते: अमुक कागद अमुक तारखेच्या आत आमच्या अटींप्रमाणे आणा, पैसे आम्ही देऊ. खरेदीदाराची पत बाजूला राहते आणि तिच्या जागी बँकेची पत येते. जगभर यासाठी एकच नियमावली चालते, पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची. पहिली १९३३ साली आली. सध्याची, यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून लागू आहे.

या नियमावलीचं सार तिच्या पाचव्या कलमात आहे: बँकेचा संबंध कागदांशी असतो, मालाशी नाही. हे एक वाक्य न कळल्याने बुडालेल्या पैशांइतके पैसे या विषयात दुसऱ्या कशानेही बुडत नसावेत असं मला वाटतं.

कागद तपासणाऱ्याच्या टेबलाशी जाऊन बघा. डाव्या हाताला एलसी, उजव्या हाताला विक्रेत्याचा गठ्ठा: बीजक, बिल ऑफ लेडिंगच्या सगळ्या मूळ प्रती, विम्याचं प्रमाणपत्र, पॅकिंग लिस्ट. तो पेन्सिल धरून एकेक ओळ ताडून बघतो. बीजकावरचं मालाचं वर्णन एलसीशी जुळतं का? माल चढवल्याची तारीख एलसीतल्या शेवटच्या तारखेच्या आत आहे का? एलसीत दुसरी मुदत दिलेली नसेल तर माल चढवल्यापासून एकवीस दिवसांत कागद आले का? विमा किमान ११० टक्क्यांचा आहे का? बंदराचं नाव तेच आहे का? या तपासणीला बँकेला कामाचे पाच दिवस मिळतात. एलसीत ‘सुती’ असेल आणि बीजकात ‘सुती मिश्रित’, तर माल कितीही उत्तम असो, पेन्सिल तिथे थांबते. या खुणेला ‘डिस्क्रिपन्सी’, म्हणजे तफावत म्हणतात. तफावत निघाली की बँकेची हमी गळून पडते, आणि पैसे द्यायचे की भाव पाडून मागायचा हे खरेदीदाराच्या मर्जीवर येतं. बाजार उतरलेला असेल तर तो काय करेल हे सांगायला नको. म्हणून एलसी हातात आली की माल बनवायच्या आधी ती ओळीओळीने वाचायची आणि न जमणारी अट त्याच दिवशी बदलून मागायची. नंतर कुणी ऐकत नाही.

शब्द देणारी बँकच डळमळीत असली किंवा तिच्या देशात परकीय चलनाचा खडखडाट असला तर? तर आपल्या ओळखीच्या बँकेकडून त्या एलसीला ‘कन्फर्मेशन’ घ्यायचं. मग ती बँकही स्वतंत्रपणे बांधली जाते, अर्थात शुल्क घेऊन.

मग पेटीत कचरा भरून पाठवला तर?

खरेदीदाराने विचारायलाच हवा असा प्रश्न. न्यूयॉर्कच्या न्यायालयात १९४१ साली तो नेमका असाच आला. खरेदीदाराने ब्रशसाठी लागणारे डुकराचे राठ केस मागवले होते. त्याचं म्हणणं, पन्नास पेट्यांत गाईचे केस आणि कचरा भरून आला होता. कागद मात्र बिनचूक होते. न्यायालयाने तत्त्व मांडलं ते असं: मालाच्या दर्जावरून वाद असेल तर बँकेने त्यात पडू नये. पण विक्रेत्याने जाणूनबुजून फसवलं असेल आणि पैसे देण्याआधीच बँकेच्या ते लक्षात आणून दिलं असेल, तर बँकेच्या शब्दाची ढाल त्या विक्रेत्याला मिळू नये. ‘फसवणुकीचा अपवाद’ म्हणून हा निकाल आजही आधाराला घेतला जातो. पण हा अपवाद अरुंद आहे आणि तो सिद्ध करायला वेळ लागतो, इतका की तोवर पैसे गेलेले असतात. त्यापेक्षा तिसऱ्या, तटस्थ तपासनिसाचं प्रमाणपत्र ही एलसीचीच एक अट करून टाकावी. बँक कागदच बघते ना, मग दर्जा कागदावर उतरवून घ्यायचा.

आजची फसवणूक यापेक्षा साधी असते. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, या नव्या खात्यात पैसे पाठवा’ असा मेल येतो, अगदी नेहमीच्या माणसाच्या नावाने आणि नेहमीच्या भाषेत. चोर आधीचा पत्रव्यवहार वाचून बसलेला असतो. खातं बदलल्याचा निरोप आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. यात मध्यवर्ती बँकाही सुटत नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला खोटे निरोप धाडले आणि ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्सला वळवले. श्रीलंकेकडे निघालेले आणखी दोन कोटी एका शब्दाच्या चुकीच्या स्पेलिंगमुळे संशय येऊन परत मिळाले. निरोप खरा दिसला की वहीत नोंद होते, हीच ती यंत्रणा.

डॉलर सोडून आपापल्या चलनात व्यापार का नाही करत?

करतात, आणि जिथे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी साधारण सारखी असते तिथे ते जमतंही. अडचण येते ती असमान व्यापारात. एका देशाने दुसऱ्याला शंभराचा माल विकला आणि त्याच्याकडून तीसचाच घेतला, तर सत्तरचं परकं चलन त्याच्याकडे साचून राहतं. ते तिसरा देश घेणार नसेल तर त्याचं करायचं काय? १९४४ च्या ब्रेटन वूड्स करारानंतर डॉलरमागे सोनं होतं, एका औंसाला ३५ डॉलर. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने ते दार बंद केलं, तरी डॉलर टिकला. कारण कुठलाही तिसरा माणूस तो निमूट घेतो आणि तो ठेवायला, उसना द्यायला, विकायला खोल बाजार आहे. असा बाजार उभा राहायला पिढ्या जातात.

डिजिटल नाण्यांनी निरोप आणि नोंद एकाच झटक्यात होईल, मधल्या बँकांचं शुल्क वाचेल, हे खरं असू शकतं. पण पेटीत काय आहे, हा प्रश्न तसाच राहतो.

या सगळ्यात अजून कागदच का?

कारण हक्क कागदाला चिकटलेला आहे. जवळच्या बंदरात जहाज चार दिवसांत पोचतं, आणि मूळ बिल ऑफ लेडिंग अजून बँकेच्या टेबलावर पेन्सिलीखाली असतं. मग खरेदीदार जहाज कंपनीला हमीपत्र लिहून देतो, ‘किल्लीशिवाय माल द्या, पुढे काही झालं तर जबाबदारी माझी,’ आणि ज्या कागदासाठी एवढा खटाटोप केला तो नसतानाच पेट्या बाहेर पडतात. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०१७ साली यावर एक नमुना कायदा दिला. समुद्री व्यापारातले बरेच करार ज्या इंग्लिश कायद्याखाली होतात, त्यात २० सप्टेंबर २०२३ पर्यंत संगणकावरचं बिल ऑफ लेडिंग कुणाच्या ‘ताब्यात’ असूच शकत नव्हतं. ताबा वस्तूचा असतो, फाइलचा नाही, असं तो कायदा मानायचा. त्या दिवसापासून लागू झालेल्या नव्या कायद्याने फाइललाही ताबा दिला. आता विक्रेत्याचा देश, खरेदीदाराचा देश, दोन्ही बँका आणि जहाज कंपनी, इतक्या सगळ्यांनी ती फाइल मान्य करायला हवी. साखळीतल्या एकाने जरी नाही म्हटलं, तरी त्या सौद्याच्या मूळ प्रती पाकिटात घालून कुरियरनेच जातात.